जाहिरात : वाच्य आणि व्यंग्य

मालाची ख्याती सांगून तो खपविण्याच्या उद्योगाला भारतीय भाषांनी जी नावे दिली आहेत, ती पाहण्यासारखी आहेत. हिंदी आणि बंगाली या भाषांत त्याला ‘विज्ञापन’ म्हणतात, म्हणजे कळविणे. उर्दूतील ‘इश्तिहार’ या शब्दाचे नाते ‘शोहरत’शी, म्हणजे प्रसिद्धीशी आहे. तेलुगूत ‘प्रकटन’ आहे आणि मल्याळममध्ये ‘परस्यम्’, म्हणजे उघड. मराठी, गुजराती आणि कन्नड या तिन्ही शेजारणींनी अरबीतून आलेला ‘जाहीर’ हा शब्द जवळ केला आणि त्यातून ‘जाहिरात’ घडविली. या सर्व नावांत झाकलेले उघडे करण्याचा भाव आहे. आर्जव, भुलवण किंवा मनधरणी असे नाव कोणत्याही भाषेने तिला दिले नाही. ज्या काळात ही नावे रूढ झाली, त्या काळात ती यथार्थही होती. १७८० साली कलकत्त्यात निघालेल्या हिकीच्या साप्ताहिकाने आपल्या नावातच ‘जनरल अॅडव्हर्टायझर’ हे शब्द घेतले होते. अमुक जहाज अमुक दिवशी सुटणार, अमुक घर विकावयाचे आहे, एवढेच अशा पत्रांतील जाहिरातींना बहुधा सांगावयाचे असे.

आजची जाहिरात मात्र जे जाहीर करते त्याच्या बळावर चालत नाही. तिच्यात उच्चारलेले वाक्य एक असते आणि काम करणारे वाक्य दुसरे असते. उच्चारलेले वाक्य बहुधा निर्दोष असते. निदान न्यायालयात टिकण्याइतके तरी असते. काम करणारे वाक्य कोणीच उच्चारलेले नसते. ते ऐकणाऱ्याच्या मनात तयार होते आणि त्याला ते स्वतःचेच वाटते. हे न उच्चारलेले वाक्य कोणाचे? ते खोटे निघाले, किंवा खोटे नसूनही क्रूर निघाले, तर त्याचा जाब कोणाला विचारावयाचा? जाहिरातीच्या नीतीचा विचार बहुतेक वेळा ‘खरे की खोटे’ एवढ्यावरच येऊन थांबतो. खरा प्रश्न त्याच्या पलीकडे सुरू होतो.

वक्तृत्वविचाराचा पाया पश्चिमेत ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात घातला. वक्त्याचे शील, श्रोत्याची भावावस्था आणि युक्तिवाद ही मन वळविण्याची तीन साधने त्याने सांगितली. जाहिरातशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी त्यांचे तीन खण केले आहेत. पांढरा डगला घातलेला डॉक्टर पहिल्या खणात, आई आणि तान्हे मूल दुसऱ्यात, टक्केवारीचे आकडे तिसऱ्यात. परीक्षेला ही वाटणी उपयोगी पडते. विचाराला फारशी पडत नाही. कारण पांढरा डगला हा शीलाचाही आधार आहे, भीतीचाही आहे आणि पुराव्याची नक्कलही आहे. ॲरिस्टॉटलचे कमी उद्धृत होणारे निरीक्षण याहून मोलाचे आहे. वक्ता आपल्या अनुमानातील एखादा अवयव मुद्दाम सांगत नाही. श्रोता तो आपल्या पदरचा घालतो, आणि स्वतः भर घातलेले अनुमान त्याला लवकर पटते. जाहिरातीची सारी हिकमत या लुप्त अवयवात साठविलेली आहे.

ॲरिस्टॉटलच्या गुरूने, प्लेटोने, वक्तृत्वावर घेतलेला आक्षेप अधिक कडक होता. ‘गॉर्गिआस’ या संवादात त्याने वक्तृत्वाची तुलना पाककलेशी केली आहे. मुलांच्या सभेपुढे वैद्य आणि स्वयंपाकी उभे राहिले तर वैद्य हरणारच, असे तेथे सॉक्रेटिस सुचवितो. हा आक्षेप जाहिरातीला सहज चिकटविता येतो आणि अनेक नीतिवादी लेखकांनी तो चिकटविलाही आहे. पण त्याने फार काही साधत नाही. सरबत हे औषध नाही म्हणून सरबताची स्तुती पाप ठरत नाही. माणसाला रुचीचे पदार्थ, रंगीत वस्त्रे आणि सुगंध हवे असतात, आणि ते हवेसे असणे हा त्याचा दोष नव्हे. प्लेटोचा निकष लावला तर जाहिरातीबरोबर सणही गुन्हेगार ठरतील, आणि कवी तर ठरलेच होते.

या प्रश्नासाठी अधिक नेमकी अवजारे भारतीय परंपरेत आहेत. विशेष म्हणजे ती वाक्यार्थाचा विचार करणाऱ्यांनी घडविली आहेत. मीमांसकांपुढे एक अडचण होती. वेदाचे प्रयोजन कर्माचा विधी सांगणे हे असेल, तर ज्या वाक्यांत कोणताच विधी नाही, नुसती स्तुती किंवा कथा आहे, त्यांचे काय करावयाचे? अमुक देवता वेगवान आहे, या वाक्याने कोणी काय करावे? त्यांनी उत्तर दिले ते असे : ही वाक्ये स्वतंत्र नव्हेत. ती विधीला जोडलेली आहेत. विधी म्हणतो ‘हे कर’, आणि स्तुती करणाऱ्याचा उत्साह वाढविते. अशा वाक्याला त्यांनी ‘अर्थवाद’ हे नाव दिले. अर्थवादाचे तात्पर्य त्याच्या शब्दशः अर्थात शोधावयाचे नसते, प्रवृत्तीत शोधावयाचे असते. जाहिरातीची याहून चांगली व्याख्या आधुनिक ग्रंथांत सहसा सापडत नाही.

पुढे मीमांसकांनी अर्थवादाचे तीन प्रकार केले. ते जणू आजच्या बाजारासाठीच केले असावेत, असे वाटण्याइतके ते येथे लागू पडतात. पहिला गुणवाद. यात सांगितलेली गोष्ट दुसऱ्या प्रमाणाशी उघड विरुद्ध असते. यज्ञातील खांबाला सूर्य म्हटले, तर खांब सूर्य नाही हे डोळ्यांनाच दिसते; म्हणून तेजस्वितेसारखा एखादा गुण घेऊन अर्थ लावावयाचा. दुसरा अनुवाद. यात आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगितली जाते; अग्नी हा थंडीवरचा उपाय आहे, हे उदाहरण देतात. तिसरा भूतार्थवाद. यात सांगितलेली गोष्ट दुसऱ्या प्रमाणाने खोटीही ठरत नाही आणि खरीही ठरत नाही. इंद्राने वृत्रावर वज्र उगारल्याची कथा तशी आहे.

गुणवाद हा जाहिरातीचा सर्वांत जुना आणि बहुधा सर्वांत निरुपद्रवी अलंकार होय. तेल लावल्याने केस गुडघ्यापर्यंत आले, चहा पिताच माणूस पर्वत चढला, अशा अतिशयोक्तीला कोणी भुलत नाही. कायद्यानेही तिला मोकळीक दिली आहे. मात्र तिची हद्द कोठे संपते, हे सांगणारे दोन निवाडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. १८९१ साली लंडनच्या एका कंपनीने आपला ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे रोज तीनदा वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड देण्याची जाहिरात केली, आणि आपल्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून १००० पौंड बँकेत ठेवल्याचेही त्याच जाहिरातीत छापले. श्रीमती कार्लिल यांनी ते साधन वापरले, त्यांना ताप आला आणि त्यांनी पैसे मागितले. ती नुसती फुशारकी होती, कोणी खरी मानू नये, असा कंपनीचा बचाव होता. १८९२ साली अपील न्यायालयाने तो फेटाळला. जी कंपनी बँकेत पैसे ठेवल्याचे सांगते, तिला आपले शब्द फुशारकीत काढता येणार नाहीत, असा त्या निर्णयाचा रोख होता. याच्या उलट शंभरेक वर्षांनी अमेरिकेत घडले. पेप्सीच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत ७० लाख गुणांच्या बदल्यात हॅरियर जातीचे लढाऊ विमान दाखविले होते. गुण रोख विकत घेण्याचीही सोय होती. एका तरुणाने हिशेब करून सुमारे ७ लाख डॉलरचा धनादेश पाठविला आणि विमान मागितले. १९९९ साली न्यायालयाने त्याला नकार दिला. कोणताही समंजस माणूस हे खरे मानणार नाही, असे कारण दिले. पहिल्या निवाड्यात गुणवाद प्रतिज्ञा ठरला, दुसऱ्यात प्रतिज्ञा गुणवाद ठरली. दोन्ही ठिकाणी न्यायालयाने पाहिले ते वाच्य, म्हणजे जे उच्चारले किंवा दाखविले गेले ते.

अनुवाद याहून धूर्त आहे, कारण त्यात खोटे काहीच नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील क्लॉड हॉपकिन्स या जाहिरातकाराने श्लिट्झ बिअरच्या बाटल्या वाफेने कशा धुतल्या जातात, याचे वर्णन जाहिरातीत केले. सर्वच कारखाने त्या तशाच धूत होते. पण ते प्रथम सांगितले त्याचे झाले. भारतीय घरांत याचे परिचित रूप म्हणजे ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हे शब्द छापलेला वनस्पतिजन्य तेलाचा डबा. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. ते प्राणिज पदार्थांत असते. तेव्हा डब्यावरील विधान निःसंशय खरे आहे. फक्त ते शेजारच्या डब्याबद्दलही तितकेच खरे आहे, आणि ही दुसरी गोष्ट कोणत्याच डब्यावर छापलेली नसते. आजच्या मराठीत ‘अनुवाद’ म्हणजे भाषांतर. मराठीत येणाऱ्या बहुतेक जाहिराती दोन्ही अर्थांनी अनुवादच असतात : ठाऊक असलेलेच सांगतात आणि हिंदीतून किंवा इंग्रजीतून उतरवून सांगतात. त्या उताऱ्यात मराठीचे व्याकरणही हकनाक बळी पडते. मराठीत तुलना करावयाची तर ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ लागतो. कशाहून, हे सांगावेच लागते. जाहिरातीच्या मराठीने हा प्रत्यय हद्दपार केला आहे. कपडे ‘अधिक शुभ्र’ होतात, दात ‘अधिक बळकट’ होतात. कशाहून, हे विचारण्याची सवयही त्याबरोबर जाते. उलट ‘पर्यंत’ या शब्दयोगी अव्ययाला तिने अपार वैभव दिले. ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ या वाक्यात शून्यापासून पन्नासपर्यंतच्या सर्व आकड्यांची सोय आहे, आणि डोळ्यांना दिसतो तो फक्त पन्नास.

भूतार्थवादात साक्ष येते. कोणी तरी सांगतो की आपण हे वापरले आणि बरे वाटले. ही गोष्ट खोटी म्हणून दाखविता येत नाही, खरी म्हणून तपासता येत नाही. येथे नैयायिकांची ‘आप्त’ ही कल्पना उपयोगी पडते. शब्द प्रमाण केव्हा, तर तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि वात्स्यायनाच्या मते ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ असो. म्हणजे आप्तत्व थोरपणाने येत नाही, त्या वस्तूच्या ज्ञानाने येते. स्वदेशीच्या काळात गोदरेजच्या साबणाच्या जाहिरातीत रवीन्द्रनाथ ठाकुरांचे प्रशंसापर शब्द झळकले. रवीन्द्रनाथांची सत्यनिष्ठा संशयातीत होती. पण साबणाविषयी ते इतर कोणत्याही गृहस्थाइतकेच आप्त होते. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या आणि तेथून चित्रतारकांची जी रांग लागली ती अजून संपलेली नाही. ज्ञानाची जागा ओळखीने घेतली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने शिफारस करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दंडाच्या कक्षेत आणले आणि काही काळ शिफारस करण्यास बंदी घालण्याची तरतूद केली. वात्स्यायनाची अट कायद्यात यावयास बराच काळ लागला.

येथवर मीमांसेचे माप बरोबर बसते. एका ठिकाणी मात्र ते बसत नाही, आणि तेच ठिकाण महत्त्वाचे आहे. मीमांसकांचा अर्थवाद विधीच्या आश्रयाने राहतो. विधी शेजारीच, स्पष्ट शब्दांत उभा असतो, आणि करणाऱ्याला आपल्याला काय करावयास सांगितले आहे हे माहीत असते. जुन्या जाहिरातीतही ‘आजच घ्या’, ‘एकवार खात्री करा’ असे विधी असत. आजच्या चांगल्या जाहिरातीत विधी उरलेला नाही. समुद्रकिनाऱ्यावर एक कुटुंब हसत असते. विम्याचे नाव शेवटी दोन क्षण येते. काही करावयास सांगितलेच नाही, तर नाकारावयाचे तरी काय?

मधल्या अवस्थेचा एक नमुना भारतीय प्रेक्षकांच्या पुष्कळ दिवस स्मरणात राहिला. करसनभाई पटेल यांनी १९६९ साली अहमदाबादेत निरमा पावडर काढली, आणि पुढे किलोला ३ रुपये अशा भावाने ती १३ रुपयांच्या सर्फपुढे उभी राहिली. सर्फने १९८०च्या दशकात दूरदर्शनवर उत्तर दिले ते ‘ललिताजी’च्या मुखाने. लिंटासच्या अलेक पदमसी यांची ही निर्मिती. भूमिका कविता चौधरी यांची. भाजी घासाघीस करून घेणारी ही गृहिणी स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो असे बजावते आणि अर्धा किलो सर्फ हे एक किलो स्वस्त पावडरीच्या बरोबरीचे आहे असा हिशेब मांडते. हा युक्तिवाद आहे. त्यात मोजता येणारे विधान आहे, आणि मनात आणले तर दोन बादल्या घेऊन ते घरी तपासताही येते. ज्यांना जाहिरात म्हणजे केवळ भावनेचा बाजार वाटतो, त्यांनी ललिताजीचा विचार करावा. पण त्याच वेळी हेही पाहावे की तिने पटविले ते हिशेबाने किती आणि भाजीवाल्यापुढे उभे राहण्याच्या ढबीने किती. काटकसर हा मध्यमवर्गाचा मानबिंदू. जास्त पैसे खर्च करणे हीच खरी काटकसर, हे त्या वर्गाला त्याच्याच स्वाभिमानाच्या भाषेत सांगितले गेले.

विधी लुप्त झाला की जाहिरात मीमांसेच्या प्रांतातून निघून काव्यशास्त्राच्या प्रांतात येते. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने अभिधा आणि लक्षणा यांच्या पलीकडची व्यंजना ही शक्ती प्रतिपादिली. त्याने दिलेल्या उदाहरणांपैकी एक प्राकृत गाथा प्रसिद्ध आहे. नदीकाठच्या कुंजात एका स्त्रीचे संकेतस्थान आहे. एक धार्मिक गृहस्थ फुले तोडण्यासाठी तेथे येऊ लागतो. ती त्याला सांगते की आता खुशाल फिरा, तुम्हाला त्रास देणारे ते कुत्रे तेथल्या सिंहाने मारून टाकले आहे. वाच्य अर्थ अनुमतीचा. व्यंग्य अर्थ मनाईचा. या उदाहरणाची चर्चा हजार वर्षे रसिकतेच्या अंगाने झाली. त्यातली व्यवहाराची बाजू पाहिली तर ती अशी : उद्या कोणी त्या स्त्रीला विचारले, की तू त्या बिचाऱ्याला हुसकावून का लावलेस, तर ती शपथेवर सांगू शकेल की आपण तर ‘फिरा’ असेच म्हटले होते.

दारू आणि तंबाखू यांच्या जाहिरातदारांनी हा धडा कोणत्याही अलंकारग्रंथाशिवाय आत्मसात केला. २००० साली केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन या मालाच्या जाहिरातींना बंदी आली. त्यानंतर त्याच नावांचा सोडा, त्याच नावांचे पिण्याचे पाणी आणि त्याच नावांच्या संगीताच्या तबकड्या पडद्यावर अवतरल्या. वाच्य सोडा, व्यंग्य दारू. अशा जाहिरातीला कायद्याने पुढे ‘सरोगेट’ हे नाव दिले आणि जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती निषिद्ध ठरविली. बंदी किती पाळली जाते हा प्रश्न वेगळा. तत्त्व म्हणून घडले ते असे, की शासनसंस्थेने ध्वनी ऐकू येतो हे मान्य केले. २०१९ च्या कायद्यातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येतही स्पष्ट प्रतिपादनाबरोबर गर्भित प्रतिपादनाचा समावेश आहे. त्यापूर्वीची पद्धत निराळी होती. १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय यांविषयीचा कायदा आक्षेपार्ह दाव्यांवर बोट ठेवीत होता. त्याला आव्हान देणाऱ्या हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे पूर्ण संरक्षण नाकारले. १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ते संरक्षण दिले, आणि त्यासाठी माहिती मिळविण्याच्या लोकांच्या हक्काचा आधार घेतला. हा आधार उदात्त आहे. पण माहिती म्हणजे वाच्य. आणि वाच्याच्या नावाने मिळालेल्या परवान्यावर प्रवास करते ते व्यंग्य.

सोडा आणि दारू यांचा संबंध उघडा आहे. तेथे निवाडा सोपा. त्वचा गोरी करणाऱ्या मलमाचे उदाहरण अवघड आहे. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम हिंदुस्तान लिव्हरने १९७५ साली भारतात आणले. २००० नंतरच्या काळातील त्याच्या एका जाहिरातीत अडचणीत असलेला बाप मुलगा असता तर बरे झाले असते असे उद्गारतो. सावळी मुलगी ते ऐकते, मलम वापरते, उजळ होते, हवाई सुंदरीची नोकरी मिळविते आणि घर सावरते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने या जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या, सरकारने दखल घेतली आणि २००३ मध्ये त्या बंद झाल्या. आता वाच्य पाहावे. मलमाने रंग उजळतो, हे एक विधान. त्याची प्रयोगशाळेत परीक्षा होऊ शकते. एका मुलीला नोकरी मिळाली, ही एक कथा. कथा खोटी कशी ठरणार? मुलीने कमावते व्हावे, हा संदेश तर पुरोगामीच म्हणावा लागेल, आणि तसा बचाव करता येण्यासारखाही होता. सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, ती बापाला ओझे असते, हे वाक्य जाहिरातीत नाही. तरीही ते वाक्य नसते तर जाहिरात कळलीच नसती.

येथे आनंदवर्धनापेक्षा त्याचा विरोधक अधिक कामास येतो. अकराव्या शतकातील महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ ग्रंथात व्यंजना ही निराळी शक्ती मानण्यास नकार दिला. ज्याला ध्वनी म्हणतात ते अनुमानच आहे, असे त्याचे म्हणणे. कुंजात सिंह आहे, या हेतूवरून तेथे फिरू नये हे अनुमिती होते. काव्यशास्त्राने पुढे महिमभट्टाला बाजूला सारले, आणि काव्यापुरते ते योग्यच झाले. कवितेचा अनुभव धुरावरून अग्नी ओळखण्यासारखा नसतो. जाहिरातीच्या न्यायनिवाड्यात मात्र त्याला पुन्हा साक्षीला बोलवावे लागते. कारण अनुमान म्हटले की व्याप्ती आली. जेथे धूर तेथे अग्नी, तसे जेथे गोरेपण तेथे यश. अनुमान करणारा श्रोता असला तरी व्याप्ती गृहीत धरली आहे ती जाहिरातदाराने. ती श्रोत्याजवळ आहे, याची त्याने आधी खात्री करून घेतली आहे. बाजाराच्या पाहण्या त्यासाठीच असतात. तेव्हा ‘हे आम्ही म्हटलेच नाही, तुम्हीच मनाने जोडले’ हा युक्तिवाद महिमभट्टापुढे टिकत नाही. हेतू पुढे ठेवणाऱ्याला साध्याची जबाबदारी झटकता येत नाही. शिवाय प्रत्येक जाहिरातीगणिक व्याप्तीला एक नवे उदाहरण मिळते, आणि उदाहरणांनी व्याप्ती दृढ होते, हे कोणीही तार्किक सांगेल. जाहिरात समाजाचे पूर्वग्रह फक्त दाखविते, निर्माण करीत नाही, असे म्हणणारे लोक ही दुसरी गोष्ट विसरतात.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो साहित्याच्या बाजूने येतो. व्यंग्यार्थासाठी जबाबदार धरण्याची प्रथा एकदा पडली की ती बाजारात थांबणार नाही. कवीने जे म्हटले नाही त्यासाठी कवीला पकडण्याची हौस सर्व काळच्या सत्ताधाऱ्यांना असते. आणि साहित्य व जाहिरात यांच्यामधील भिंत वाटते तितकी उंचही नाही. केशतेल आणि अत्तरे तयार करणाऱ्या हेमेंद्रमोहन बसूंनी १८९६ साली कलकत्त्यात ‘कुंतलीन’ पुरस्कार सुरू केला. उत्तम कथेला बक्षीस मिळावयाचे. अट एवढीच, की कथेत कुंतलीन तेलाचा किंवा देलखोश अत्तराचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटू नये. पहिल्याच वर्षी बक्षीस मिळाले ते जगदीशचंद्र बसूंच्या कथेला. तिच्यात एक चक्रीवादळ समुद्रात ओतलेल्या केशतेलाच्या बाटलीने शांत होते. बंगालीतील विज्ञानकथेच्या आरंभाशी ही बाटली उभी आहे. १९०३ साली शरच्चंद्रांची ‘मंदिर’ ही कथा, मामाच्या नावाने पाठविलेली, याच स्पर्धेत यशस्वी झाली. मराठीत १९२० साली निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे आरंभी लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्याचे वार्तापत्र होते. त्यातूनच पुढे एक महत्त्वाचे मासिक उभे राहिले. सत्यजित राय १९४३ पासून कलकत्त्यातील एका जाहिरातसंस्थेत चित्रे काढीत होते, आणि अरुण कोलटकरांनी उपजीविकेसाठी जाहिरातीच्या क्षेत्रात चित्रकार म्हणून काम केले व त्यात पारितोषिकेही मिळविली. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेला मराठी दिवाळी अंक तर जाहिरातींच्या पानांवर जगतो. जाहिरातीला तुच्छ लेखणारी कथा ज्या पानावर छापली जाते, त्या पानाचा खर्च समोरच्या पानाने दिलेला असतो.

भेद मग कोठे करावयाचा? अभिनवगुप्ताने रसानुभवाला विश्रांती म्हटले आहे. कवितेतील व्यंग्य वाचकाला कोठे नेत नाही. तो तेथेच थांबतो, पुन्हा वाचतो, त्याला दुसरा अर्थ दिसतो. जाहिरातीतील व्यंग्याला थांबणे परवडत नाही. त्याला प्रवृत्ती हवी असते, आणि दुसरा अर्थ दिसणे हे तिच्या दृष्टीने अपयश असते. हा भेद पुष्कळ अंशी खरा आहे. पूर्ण खरा नाही. राष्ट्रीय चळवळीतील कवनांनाही प्रवृत्ती हवी होती, कीर्तनकाराच्या आख्यानालाही हवी असते. पण कीर्तनकार दुसऱ्या दिवशी गावातच असतो. त्याला पारावर गाठून विचारता येते. कवनाला प्रतिकवन रचता येते. जाहिरातीला उलट प्रश्न विचारण्याची जागा तिने स्वतःच्या रचनेत ठेवलेली नसते, आणि तिच्याइतक्या वेळा तेच वाक्य परत बोलण्याइतका पैसा ऐकणाऱ्याजवळ नसतो. तेव्हा व्यंग्यार्थाच्या जबाबदारीचे प्रमाण शब्दावर ठरू नये. उत्तर देण्याची समोरच्याला किती संधी आहे, यावर ठरावे. कवीला या मापाने जवळजवळ पूर्ण मोकळीक मिळते. सोड्याच्या बाटलीला मिळत नाही. हवाई सुंदरीच्या कथेलाही मिळत नाही, कारण ज्या सावळ्या मुलीबद्दल ती आहे तिला त्या अर्ध्या मिनिटात बोलावयास जागाच नव्हती.

या मलमाचे पुढे काय झाले, हे वाच्य आणि व्यंग्य यांच्या अभ्यासकाने पाहावे. जुलै २०२० मध्ये, वर्णभेदाविरुद्ध जगभर उठलेल्या आवाजानंतर, कंपनीने त्याच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द काढला आणि ‘ग्लो’ हा घातला. गोरेपण, उजळपण असे शब्दही वेष्टनावरून आणि जाहिरातीतून काढण्याचे जाहीर झाले. वाच्यात आता आक्षेप घ्यावा असे काही उरलेले नाही. दुकानदाराकडे मलम मागताना कित्येक गिऱ्हाइकांच्या तोंडी अजून जुनेच नाव येते, आणि दुकानदार काही न विचारता नवी ट्यूब पुढे करतो.